आतोबांनी घातलेला खोडा

आमच्या गटात कोणी कोणाला ‘आपण काय करता’ असे विचारत नाही. हा नियम कोणी केलेला नाही आणि कुठे लिहून ठेवलेलाही नाही. तरीही तो इतका काटेकोरपणे पाळला जातो की ज्यांच्याशी मी गेली काही वर्षे जवळजवळ रोज बोलते, त्यांच्यापैकी बँकेत कोण, शाळेत कोण आणि निवृत्त कोण, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. मात्र परभणीच्या एका सदस्याचा ‘पागोळी’ या शब्दावर जीव आहे, बेळगावच्या बाईंना ‘लगबग’ आवडते पण ‘धांदल’ मुळीच खपत नाही, आणि टोरांटोत राहणाऱ्या एका तरुणाला ‘खमंग’ हा शब्द नुसता वाचला तरी भूक लागते, हे मी झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

हा गट फोनवरचा आहे. तो कसा जमला याची प्रत्येकाची आठवण वेगळी आहे, आणि त्यावर एकमत व्हावे असे कोणाला वाटतही नाही. कानाला गोड लागणारे, जिभेवर घोळवावेसे वाटणारे शब्द आणायचे, त्यांच्याशी खेळायचे आणि जमल्यास एकमेकांवर कुरघोडी करायची, एवढेच त्याचे काम. प्रत्येकाने आपल्या नावाच्या जागी एक आवडता शब्द लावला आहे, त्यामुळे ‘लगबग यांनी पागोळी यांना उत्तर दिले’ अशी वाक्ये आमच्याकडे सर्रास दिसतात. मराठी माणसाला टोपणनावाचे वावडे तसे कधीच नव्हते. राम गणेश गडकरी कवितेपुरते ‘गोविंदाग्रज’ झाले आणि विनोदापुरते ‘बाळकराम’. अत्र्यांनी विडंबनासाठी ‘केशवकुमार’ हे नाव घेतले. फरक इतकाच की त्यांच्या टोपणनावामागचे खरे नाव आज सर्वांना ठाऊक आहे, आणि आमच्याकडे ते ठाऊक करून घेण्याची कोणाला गरज भासत नाही.

अडचण येते ती संबोधनाची. समोरच्याचे वय कळल्याशिवाय मराठीत साधे एक वाक्यही निर्धास्तपणे लिहिता येत नाही, कारण ‘तू’ म्हणावे तर उद्धटपणा होण्याची भीती आणि ‘आपण’ म्हणावे तर सरकारी पत्राचा थाट. ‘गडगडाट’ असे नाव लावलेल्या व्यक्तीला आम्ही बरेच दिवस ‘अरे भावा’ असे म्हणत होतो. तसे म्हणायला पुरावाही होता, कारण ती व्यक्ती ‘मी आलो’, ‘मी नंतर वाचतो’ असे लिहीत असे, आणि मराठीत पहिल्या पुरुषातले क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग उघड करतेच, असा आमचा समज होता. पुढे एका आवाजी निरोपातून उलगडा झाला की या कोल्हापूरकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या आजी आहेत. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात बायका ‘मी जातो’, ‘मी येतो’ असेच बोलतात, हे आमच्यापैकी अर्ध्यांना ऐकून माहीत होते. पण समोर आले तेव्हा कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. आम्ही क्षमा मागू लागलो तेव्हा आजींनी बजावले, ‘‘भावाच म्हणायचं. एवढ्या वर्षांत मला कुणी भावा म्हटलं नव्हतं.’’ त्यामुळे त्या अजूनही भावाच आहेत, फक्त क्रियापद आदरार्थी झाले आहे: ‘‘भावा, तुम्ही कुठे होता काल?’’

खेळांपैकी सर्वांत जास्त रंगलेला खेळ म्हणजे निरोष्ठ बोलण्याचा. ज्या अक्षरांच्या उच्चारात ओठांना ओठ लागतात ती सगळी, म्हणजे प, फ, ब, भ, म, टाळून बोलायचे. ही कल्पना आमची नाही. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकशे आठ रामायणे रचली, आणि त्यांतले एक निरोष्ठ रामायण म्हणून प्रसिद्ध आहे. म वर्ज्य केल्यावर ज्याची कथा सांगायची त्याचे ‘राम’ हे नावच घेता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे बारामतीच्या त्या पंडिताने स्वतःला केवढ्या पेचात टाकून घेतले होते ते कळते. त्यांच्याही कित्येक शतके आधी दंडी या संस्कृत लेखकाने ‘दशकुमारचरित’ या गद्यकथेत हाच खेळ मांडला होता. त्याच्या दहा कुमारांपैकी मंत्रगुप्ताचा ओठ प्रेयसीच्या दंतक्षताने दुखावलेला असतो, म्हणून तो आपली सगळी हकीकत ओष्ठ्य अक्षरे टाळून सांगतो. मोरोपंतांपेक्षा दंडीचे कारण अधिक पटण्यासारखे आहे, असे आमच्या भावांचे, म्हणजे आजींचे, स्पष्ट मत पडले.

शास्त्राच्या दृष्टीने उ आणि ऊ हेही ओष्ठ्यच, आणि व अर्धा ओष्ठ्य. आम्ही मात्र ओठ मिटले की बाद, एवढाच सोपा नियम ठेवला, आणि लिहून नव्हे तर आवाज मुद्रित करून पाठवायचे ठरवले. ‘रात्रीच्या गार चांदण्यात गच्ची हलकेच हसते’ हे परभणीकरांचे वाक्य पहिल्याच दिवशी आले, आणि त्यात उ, ऊ, व यांनाही स्थान नसल्याने कडक नियमांच्या परीक्षकांनाही बोट ठेवायला जागा उरली नाही. इतरांची वाक्ये एवढी सुबक नव्हती. टोरांटोच्या तरुणाने सुरुवात फार ऐटीत केली, आणि तिसऱ्याच शब्दाला ‘पण’ म्हणून तो बाद झाला. मराठीत ‘पण’, ‘मग’, ‘मी’ आणि ‘म्हणजे’ यांच्यावाचून माणसाचे किती अडते, हे ते चार शब्द काढून घेतल्याशिवाय कळत नाही. ज्याला ‘मी’ म्हणता येत नाही त्याला फुशारकीही मारता येत नाही, म्हणून त्या आठवड्यात गटातले वातावरण असाधारण नम्र होते.

याच खेळात नात्यांचा सिद्धान्त निघाला. बेळगावच्या बाईंनी सहज विचारले की घरातल्या कोणकोणाला ओठ न मिटता हाक मारता येते? आई, आजी, ताई, दादा यांना येते. बाबा, आजोबा, भाऊ, बहीण यांना येत नाही. इथपर्यंत सगळे विस्कळीत होते. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की काका, काकू, आत्या हे वडिलांकडचे सगळे निरोष्ठ आहेत, आणि मामा, मामी, मावशी या आईकडच्या सगळ्यांना ओठ मिटावेच लागतात. चुलता आणि चुलती यांनीही वडिलांच्या बाजूने साक्ष दिली. एवढी स्वच्छ विभागणी सापडल्यावर तास-दोन तास आम्ही सगळे मोठ्या शास्त्रज्ञांच्या दिमाखात वावरत होतो. मग परभणीहून एक शब्द आला: ‘आतोबा’.

आत्याचे यजमान ते आतोबा. वडिलांकडचे, आणि नावात ठसठशीत ब. बेळगावच्या बाईंनी सांगितले की त्यांच्याकडे आतोबांना ‘मामा’ म्हणतात, आणि अनेक घरांत म्हणतातही. पण त्याने काही सुटले नाही, कारण मामांतही ओठ दोनदा मिटतात. सिद्धान्त गुंडाळण्याची तयारी सुरू झाली होती, तेवढ्यात आजींनी विचारले, ‘‘आणि मावशीच्या नवऱ्याला काय म्हणता रे?’’ मावशीच्या यजमानांना काका म्हणतात. म्हणजे आईकडचे असूनही निरोष्ठ! आतोबा अपवाद नव्हते तर. घराण्यात जावई म्हणून आलेले पुरुष उलट्या बाजूला बसतात, एवढे कलम जोडले की सिद्धान्त पूर्वीपेक्षा अधिक डौलदार होत होता. शिवाय आई स्वतः निरोष्ठ आणि तिचे सगळे माहेर ओष्ठ्य, बाबा ओष्ठ्य आणि त्यांची भावंडे निरोष्ठ, हा आणखी एक उलटा नमुना सापडला तो वेगळाच. या सगळ्यामागे काही कारण असेल असे मला वाटत नाही. निव्वळ योगायोग असावा. परंतु काही माणसे आपापल्या घरी बसून, एकमेकांचे चेहरे न पाहता, एकाच वेळी ‘काका’, ‘मामा’ असे मोठ्याने पुटपुटत ओठ तपासत आहेत, या चित्राचा मोह मला अजून सुटत नाही.

या मैत्रीचे मर्म मला इथेच सापडते. शब्दांच्या अर्थावर बोलू लागले की माणसे विद्वान होतात, बाजू घेतात, आणि कोणाचे शिक्षण किती याचा हिशेब आपोआप सुरू होतो; नादावर बोलू लागले की सगळे एका पातळीवर येतात, कारण कान सर्वांना सारखेच मिळालेले असतात. ‘झुळझुळ’ या शब्दावर पदवीधराचा हक्क अधिक नाही. त्यामुळे आमच्यात वाद भरपूर होतात, पण त्यांत कोणाचे काही पणाला लागलेले नसते, आणि ज्या ओळखीत काही पणाला लागलेले नसते ती आश्चर्यकारक वेगाने घट्ट होते. परभणीकर मध्यंतरी कित्येक आठवडे गप्प होते. कोणी चौकशीचे लांबलचक निरोप पाठवले नाहीत. आजींनी फक्त एक शब्द टाकला: ‘‘ठणठणीत?’’ दोन दिवसांनी उत्तर आले, ‘‘गुटगुटीत नाही, पण ठणठणीत.’’ त्यानंतर त्या विषयावर कोणी काही विचारले नाही, आणि त्यांनीही पुढे काही सांगितले नाही.

ळ या अक्षरावर गटाचे विशेष प्रेम आहे. रोमन लिपीत लिहिले की काल, काळ, कल आणि कळ हे सगळे एकच होऊन बसतात, म्हणून परदेशातल्या सदस्यांना ळची ओढ अधिक आहे. एकदा फेरी लागली की ज्यात दोन ळ आहेत असेच शब्द आणायचे. तळमळ, हळहळ, मळमळ, जळजळ, कळवळ, वळवळ, डळमळ आणि भळभळ अशी रांग लागली, आणि कोणीतरी चिंतेने विचारले की आपल्या भाषेत दोन ळ एकत्र आले म्हणजे कोणाला ना कोणाला त्रास व्हायलाच हवा का? वारा आणि पाणी यांनी लाज राखली, कारण सळसळ, खळखळ आणि झुळझुळ त्यांच्याकडे आहेत. ‘चळवळ’ कोणत्या रांगेत ठेवायची यावर मतभेद झाले, आणि ते राजकीय होण्याआधीच थांबवण्यात आले.

जोडशब्दांचा खेळ याहून छोटा, पण तो गटाला राज्याबाहेर घेऊन गेला. आपण चहाबिहा घेतो, पुस्तकबिस्तक वाचतो. हिंदीत चाय-वाय होते, बंगालीत चा-टा, आणि बेळगावच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे कानडीत ऊट-गीट (ऊट म्हणजे जेवण). प्रत्येक भाषेने ‘वगैरे’साठी आपले एक ठेवणीतले अक्षर राखले आहे, आणि मराठीचे ते ‘बि’ आहे. मग ज्या शब्दाची सुरुवातच ‘बि’ने होते त्याचे काय करावे? बटाटाबिटाटा चालते, पण बिस्किटबिस्किट म्हटले तर ऐकणारा दोन बिस्किटे आणून ठेवील. मुंबईकर ‘बिस्किट-फिस्किट’ म्हणून मोकळे होतात. बेळगावच्या बाई ‘बिस्किट-गिस्किट’ म्हणतात, कानडीची उसनवारी करून, आणि मला तो तोडगा अधिक आवडतो. सीमेवर राहणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन्ही घरांची भांडी असतात.

गटात बेबनाव एकदाच झाला, आणि तोही खेळातूनच. उलटसुलट सारखीच वाचली जाणारी वाक्ये आम्ही जमवत होतो. मराठीत हा खेळ अक्षरांचा असतो, म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर उलटायचे. ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आणा आपटे’, ‘ती होडी जाडी होती’ ही वाक्ये चोख उलटतात. ‘तो कवी डालडा विकतो’ हे सर्वांचे लाडके वाक्य. पण त्यात एका बाजूला वी दीर्घ आणि दुसऱ्या बाजूला वि ऱ्हस्व, म्हणून ते बाद करावे अशी मागणी एका नव्या सदस्याने केली. ‘चिमा काय कामाची’ हेही त्याच कारणाने गेले असते. मागणी चुकीची नव्हती, आणि ती खेळापुरती राहिली असती तर कोणी मनावरही घेतले नसते. परंतु त्या दिवसापासून ते गृहस्थ प्रत्येकाच्या प्रत्येक निरोपातल्या वेलांट्या तपासू लागले. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, असे अठराही नियम त्यांना मुखोद्गत होते, आणि ‘तुमच्या पाचव्या शब्दात उकार चुकला आहे’ अशी टिपणे पहाटेच्या सुमारास येऊन पडू लागली.

याचा परिणाम असा झाला की ज्यांना आपल्या लिहिण्याचा भरवसा नव्हता ते आधी गप्प झाले, आणि नेमके तेच लोक गावाकडचे, घरातले, कोशांत न सापडणारे शब्द आणणारे होते. मालवणकडच्या एका सदस्याने ‘वायच’ आणि ‘गजाली’ हे शब्द आणले होते. वायच म्हणजे थोडेसे, गजाली म्हणजे निवांत गप्पा. ‘वायच गजाली करूया’ या वाक्याने आमच्याकडे कित्येक महिने दिवसाची सुरुवात होत असे. तेही दिसेनासे झाले. शुद्धलेखनाचे मोल मी जाणते आणि स्वतः शक्य तितके पाळतेही. तरी शब्दांवर प्रेम करणे आणि शब्दांवर पहारा ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम करणाऱ्याला पहिले येतेच असे नाही. शेवटी त्या गृहस्थांनी आपण होऊन रामराम केला, तोही निर्दोष वाक्यात. मालवणकर दुसऱ्या दिवशी परतले.

निवाड्यासाठी आम्ही जातो ते कोशांकडे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याची १८५७ ची सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, त्यामुळे मध्यरात्रीही भांडण मिटवायला पंच जागे असतात. मोल्सवर्थ हा परका लष्करी अधिकारी; पण मराठीतले नादशब्द त्याने ज्या आवडीने टिपले आहेत ती आवड पाहिली की तो आमच्या गटात नक्की रमला असता असे वाटते. त्याला आम्ही ‘साहेब’ म्हणतो. ‘साहेब काय म्हणतात?’ असे विचारले की कोणीतरी पान चिकटवते, आणि पान वाचता वाचता मूळ वाद बाजूला पडून तिसराच शब्द सापडतो.

सध्या चालू असलेले प्रकरण रंगांचे आहे. मराठीत रंगाला शेपूट लागते, आणि कोणते लागेल हे रंगावर नव्हे तर प्रसंगावर ठरते. राग आला की चेहरा लालबुंद होतो, ओठ लालचुटुक असतात, साडी लालभडक असते. यांची अदलाबदल करून पाहावी, कान लगेच तक्रार करतो. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट, कातळ काळाकभिन्न. शेत हिरवेगार असते पण चुडा हिरवाकंच. भात पांढराशुभ्र असतो, आणि भ्यालेला चेहरा मात्र पांढराफटक. पिवळ्याला धमक मिळाली आहे आणि जर्दही; त्यांपैकी जर्द हा फारसीतून आला असून तिथे त्याचा अर्थच पिवळा असा आहे, म्हणजे पिवळाजर्द म्हणताना आपण दोन भाषांत एकच गोष्ट सांगत असतो. बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र यांतही हेच घडले आहे, एक पाय इकडे आणि एक तिकडे. निळ्याच्या वाट्याला शार आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या संध्याकाळी सर्वत्र अभिनंदनाचे निरोप फिरत असताना आमच्याकडे ‘अभिजात’ला शेपूट लागते का यावर चर्चा चालू होती. लागत नाही, असे ठरले.

मग प्रश्न आला जांभळ्याचा. जांभळा, गुलाबी, नारिंगी, केशरी, राखाडी, तपकिरी यांना कोणतेच शेपूट नाही. हे सगळे रंग जांभूळ, गुलाब, राख अशा कुठल्या तरी वस्तूवरून नाव मिळालेले आहेत, आणि वस्तूच डोळ्यांसमोर उभी राहत असल्याने वर आणखी जोर देण्याची गरज भाषेला पडली नसावी, असा परभणीकरांचा तर्क आहे. मला तो बरोबर वाटतो. पण तर्क बरोबर आहे म्हणून जांभळ्याला कायमचे उघडे ठेवावे काय? सूचना मागवण्यात आल्या. टोरांटोहून ‘जांभळागच्च’ आले, मालवणातून ‘जांभळाटिच्च’, आणि आजींकडून ‘जांभळाढुस्स’. मतदान झाले, बरोबरी झाली, पुन्हा झाले, पुन्हा बरोबरी. आजी मतदानावर विसंबून राहणाऱ्यांपैकी नाहीत. त्या सरळ मंडईत गेल्या आणि भाजीवाल्याला विचारले, ‘‘वांगी जांभळीढुस्स हाईत का?’’ त्याने वर न पाहता उत्तर दिले, ‘‘ढुस्स न्हाईत मावशी, पण ताजी हाईत.’’

त्या संध्याकाळी ठराव बिनविरोध मंजूर झाला. गुलाबीचा प्रश्न समितीकडे सोपवला आहे.